झकायो म्वुंगीची नक्कल

झकायो म्वुंगीची मला किळस येते. ओळख जुनी आहे, तेव्हा किळसही जुनीच. मोशीच्या बस अड्ड्यावर तो उतारू भरायचं काम करतो. म्हणजे गाडी दुसऱ्याची, प्रवास तिसऱ्याचा आणि बोंब याची. "अरुशा, अरुशा" ओरडत त्याने जन्म काढला, स्वतः कधी अरुशाला गेला नाही. खाऊन झालं की बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी तुमचा खांदा दाबतो. दुसऱ्याच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलताना त्याची मान जराही वळत नाही, हात तेवढा लांब होतो.

मग मैत्री कशाला, असं कोणीही विचारेल. तर तो पारे आणि मी चग्गा. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, आजे-पणजांपासून चालत आलेलं. थट्टेच्या सोयऱ्याने तोंडाला येईल ते बोलावं, अंगणातली कोंबडी उचलावी, आणि आपण हसावं. जो चिडला तो हलका. मी त्याला म्हणायचं, "कोंबडीच्या खटल्यासाठी गाय विकणारा पारे." त्याने मला म्हणायचं, "नाणं वाजवलं की मेलेला चग्गाही उठून बसतो." कोणाकडे मयत झाली तरी या सोयऱ्यानेच पुढे व्हायचं, गेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. हे नातं नसतं तर झकायोला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

गेल्या आठवड्यात तो सकाळीच येऊन बसला. "मंगी, तुझी पिकअप दारात नुसती गंजतेय. चल, डोंगर बघून येऊ. म्वांगाहून वर चढू, शिगातिनीला चहा घेऊ, उसांगीची हवा खाऊ." मंगी म्हणजे मुखिया, आम्हा चग्गांना सगळा देश याच नावाने चिडवतो. मी कॉफी सोसायटीची लॉरी चालवून निवृत्त झालेला माणूस, घरात बसून कंटाळलेला. निघालो.

म्वांगाला मोठा रस्ता सोडला आणि घाट सुरू झाला. खाली करपलेलं माळरान, वर धुकं, निलगिरीची झाडं, उतारावर केळी आणि मका. हे सगळं असूनही मला दिसत होता तो शेजारी बसलेला झकायो. बूट काढून पाय त्याने पुढच्या काचेखाली ठेवले होते. मोजे नव्हते, असते तर बरं झालं असतं. मांडीवर ऊस घेऊन तो सोलत होता आणि चोथा थुंकत होता. बाहेर थुंकला असता तर एक वेळ चाललं असतं. तो चहाच्या रिकाम्या पेल्यात थुंकत होता, आणि पेला माझा होता.

एका वळणावर जिपे तलाव दिसतो. लोक तिथे गाडी थांबवतात, गप्प उभे राहतात. मीही थांबलो. झकायो उतरला आणि तलावाकडे तोंड करून, अगदी कड्यावर, लघवीला उभा राहिला. भाजी घेऊन चाललेल्या दोन बायकांनी डोक्यावरची ओझी सावरत मान फिरवली. "काय देखावा आहे रे," तो म्हणाला. मी म्हटलं, "आम्हालाही हेच म्हणायचं होतं." त्याला ते कळलं नाही, किंवा कळून तो हसला. त्याच्याबाबतीत दोन्ही सारखंच.

शिगातिनीच्या बाजारात चहा घेतला. बाईने दोन गोड वडे माझ्यापुढे ठेवले, एक त्याने खाल्ला, दुसरा चाखून परत ठेवला. मग काडीने दात कोरत म्हणाला, "आता उसांगीच्या पलीकडच्या वाडीत जाऊ."

"तिथे काय आहे?"

"माझी बायको."

मी पेला खाली ठेवला. नामकुंडाचं नाव मी कधीतरी ऐकलं होतं. मुलगी रांगत होती तेव्हा हा गडी आठवडाभरासाठी म्हणून काम शोधायला मोशीला उतरला आणि अड्ड्यामागे दारू विकणाऱ्या एका विधवेकडे राहिला. घरी ना निरोप, ना साबणाची वडी. मुलगी आता लग्नाची झाली असेल.

"आज आठवली?" मी विचारलं.

"अरे, त्या दारूवालीने माझी गादी बाहेर फेकली. गुडघे दुखतात, रांधून द्यायला कोणी नाही. म्हातारपणी माणसाला आपली चूल लागते, मंगी."

"आणि नामकुंडाला काय लागतं?"

"तिला काय? बसल्या जागी नवरा मिळतोय."

आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. पण खरी घाण पुढे होती. त्याने मला हवा खायला आणलंच नव्हतं. बेत असा होता की मी पुढे व्हायचं, अंगणात शिरायचं, कोंबडी पकडायची आणि ओरडायचं, "तुमचा कचरा बाजारात सापडला, परत आणलाय!" थट्टेच्या सोयऱ्याला नाही म्हणता येत नाही, नामकुंडाला हसावंच लागणार. "आणि हसल्या तोंडाने कोणी कोणाला हाकलत नाही," झकायो म्हणाला. "एकदा ती हसली की मी आत."

आजोबांनी जपलेल्या नात्याची या माणसाने कोयंड्यात घालायची पहार केली होती. गाडी तिथूनच वळवावी असं मनात आलं. पण मी वळवली असती तर तो चालत गेला असता आणि दुसरा कोणी चग्गा गाठून हेच केलं असतं. शिवाय ती बाई काय करते ते मला बघायचं होतं.

वाडी उतारावर होती. पत्र्याचं झाडलेलं घर, मागे केळी, दारात नामकुंडा शेंगा सोलत बसलेली. शेजारी तिची मुलगी तुमसिफू आणि झकायोची म्हातारी चुलती. झकायो माझ्या पाठीमागे लपला, एवढा मोठा माणूस. मी कोंबडी धरली नाही. नुसतं म्हटलं, "मी मोशीचा चग्गा. तुमचा थट्टेचा सोयरा. सोबत झकायो आहे."

नामकुंडाने मला नीट पाहिलं. माझ्यामागे पाहिलंच नाही.

"भावजी, उशीर केलात," ती म्हणाली. "त्यांना पुरून दोन पावसाळे झाले."

मग चुलतीने सांगितलं. तुमसिफूला मागणी आली, पण बाप ना जिवंत ना मेलेला. मुलीचं बोलणं कोणी करायचं, आशीर्वाद कोणी द्यायचा? पाहुणे दोनदा येऊन परत गेले. शेवटी म्वुंगींच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि झकायोच्या नावाने केळीचा खांब पुरला. पाद्री नको म्हणत होते, त्यांचं कोणी ऐकलं नाही. मग चुलत्याने बापाच्या जागी बसून लग्न ठरवलं. येत्या शनिवारी लग्न होतं.

"सगळं रीतीने झालं," नामकुंडा म्हणाली, "एक तेवढं राहिलं. वाडीत चग्गा कोणी नव्हता. नक्कल करायला सोयरा नव्हता, म्हणून मयतीला कोणी हसलं नाही. तुमचं काम आहे ते. आता आलाच आहात तर करून जा."

मागून झकायोने माझा सदरा ओढला. "मंगी, नको," तो पुटपुटला. सोयऱ्याला नाही म्हणता येत नाही हे त्यानेच मला शिगातिनीत शिकवलं होतं. मी सदरा सोडवला.

आणि मी झकायो झालो. ढेरी पुढे काढून अंगणात शिरलो. "अरुशा, अरुशा" ओरडलो आणि तिथल्या तिथे गोल फिरलो. म्हातारीच्या सुपातल्या शेंगा मान न वळवता उचलल्या, बोटं चाटली, त्याच बोटांनी तिचा खांदा दाबला. तलाव समोर असल्यासारखा उताराकडे तोंड करून, लघवीला उभं राहावं तसा उभा राहिलो. मग गुडघे धरून कण्हलो, "बाई गं, गादी बाहेर फेकली गं. आता मला नवरा करून घे." कुठून येत होतं मला माहीत नाही. इतक्या वर्षांची ओकारी होती, ती एकदाची बाहेर पडत होती.

म्हातारी हसता हसता आडवी झाली. कुंपणाशी शेजारणी जमल्या, त्याही हसत होत्या. नामकुंडा हसली आणि मग पदर तोंडावर घेऊन रडली, मयतीला रडतात तशी, मोठ्याने. तुमसिफू तेवढी हसली नाही. जवळ येऊन तिने विचारलं, "काका, ते खरंच असे होते?"

"असेच," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंत. मी काहीतरी वेगळंच धरून बसले होते."

हे झकायोने ऐकलं. आता तरी या माणसाचं तोंड उतरेल, असं मला वाटलं. पण तो मांडीवर थापा मारत सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता. हसत हसत पुढे आला आणि म्हणाला, "नामकुंडा, माझ्या वेळी कापलं काय? बोकड की गाय?"

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "गाय शनिवारसाठी ठेवली आहे," ती म्हणाली. "तुमच्या मयतीला मका आणि राजमा उकडला. तोही उरला."

मग ती मला म्हणाली, "भावजी, हात धुवा. जेवल्याशिवाय सोयऱ्याला पाठवत नाहीत. यांना गाडीत बसवा, मेलेल्याला वाढत नाहीत."

मी त्याला गाडीत बसवून परत आलो आणि जेवायला बसलो. कोंबडी त्यांनीच कापली होती. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. "मंगी! निदान एक तंगडी तरी गुंडाळून आण रे." मला एवढी किळस आली की घास फिरला. तुमसिफू उठली, तिने दार लोटून घेतलं आणि पातेलं घेऊन माझ्यापुढे आली. "काका, आणखी वाढू?"

मी ताट पुढे केलं.