सोनामुखीचा नमुना

औषधी वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तीस वर्षं काढली. एकदा सोनामुखीच्या पानांची पूड तपासायला आली आणि तिच्यात भलत्याच पानांची लव दिसली. नमुना धाकट्या भावाच्या दुकानातला होता. ताईंनी तो तीनदा तपासला आणि ‘भेसळ’ असं लिहून सही केली.

दुकानाचा परवाना गेला. “आधी मला विचारायचंस तरी,” एवढं बोलून भावाने येणं सोडलं.

एकट्या राहणाऱ्या ताई दर रविवारी त्याला फोन करतात. परवा भावजय म्हणाली, “ते बाहेर गेलेत.” मागून त्याचा खोकला ऐकू येत होता.

“बरं,” ताई म्हणाल्या, “आला की त्याला खोकल्याचं औषध दे.”

आणि तो खोकला थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.