स्नोमोबिलवरचं गव्हाचं पोतं

तिरक्या डोंगरावर कुठलं स्नोमोबिल कसं चालतं, हे मला बरंच कळतं. कारण त्यातल्या एकाच्या खाली मी पडून होतो.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे चाकाऐवजी दोन फळ्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि वर एक मूर्ख. माझं शिक्षण चौथी. वाईला पिठाची गिरणी चालवली, गुडघे गेले तेव्हा बंद केली. मागच्या पावसाळ्यात माझी बायको शालन गेली आणि मुलानं मला उचलून अमेरिकेत, सांता क्लाराला आणलं.

बायको गेली की लोक माणसाला फिरवतात. जणू ती कुठंतरी हरवलीय आणि फिरता फिरता सापडेल!

"बाबा, तुम्हाला चेंज हवाय," नितीन म्हणाला.

"झाला की चेंज. आणखी केवढा पाहिजे?"

"डोंगरात बर्फ बघायला जाऊ. आईला किती बघायचा होता!"

खरंच होतं ते. नितीन फोनवर बर्फ दाखवायचा तेव्हा शालन म्हणायची, "नुसतं बघून काय करू? हातात घ्यायचाय मला." आमच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फ साचला की उलथन्यानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवायची. "घ्या, अमेरिका!" पुढे व्हिसा आला, आणि पाठोपाठ आजार. (व्हिसा अजून शिल्लक आहे. माणूस संपलं.)

म्हणून निघताना मी तिचा गुलाबी स्वेटर जॅकेटच्या आत घातला. कुणाला सांगितलं नाही. बटणं उलट्या बाजूला, काखेत घट्ट, श्वास घेतला की शिवण रडायची. पण मी ठरवलं होतं, माथ्यावरचा, कुणी पाय न दिलेला बर्फ ह्या स्वेटरला लावायचा. तेवढ्यासाठीच गेलो. नाहीतर बर्फ काय, फ्रीजमध्येही होता.

नितीननं व्हिडिओ बघून एवढा अभ्यास केला होता की बारावीलासुद्धा केला नसेल. स्वतःसाठी त्यानं टर्बो नावाचं धूड भाड्यानं घेतलं. "बाबा, सरळ चढावर ह्याला तोड नाही!" वाट दाखवायला मॅगी नावाची गोरी पोरगी होती. तिचं मशीन अरुंद, हलकं, मागचा पट्टा लांब. "हे सपाटीवर डुगडुगतं," नितीननं नाक मुरडलं. तिसरं दोघांचं. रुंद, जड, गादीवालं. सपाटीवर म्हैस बसावी तसं घट्ट. ते माझी सून केतकी चालवणार आणि मी मागे.

"मी मागे? जन्मभर घाटात स्कूटर चालवली मी!"

"बसा नं बाबा," केतकी म्हणाली. ती नागपूरची. ऊन असो की बर्फ, आवाज एकच.

निघण्याआधी मॅगीनं बजावलं आणि नितीननं मराठीत सांगितलं. डोंगराला आडवं जाताना मागच्यानंसुद्धा डोंगराच्या बाजूला झुकायचं. चांगला जोर लावून. नाहीतर मशीन दरीकडे घसरतं.

मी ऐकलं. समजलं. आणि सोडून दिलं! मागे कसं बसायचं ते मला ही पोरगी सांगणार? पसरणी घाटातून शालनला माहेरी न्यायचो, तेव्हा ती दर वळणाला अशीच डोंगराकडे झुकायची. दरीची भीती. स्कूटर डुलायची आणि मी ओरडायचो, "पोत्यासारखी बस! गव्हाचं पोतं कधी वळणावर हलतं का?"

"मग पोत्याशीच लग्न लावायचं होतं!"

(तिला काही बोललं की उत्तर तयार. आता बोलतो तर उत्तर येत नाही.)

तर पहिला चढ आला. नितीनचा टर्बो बाणासारखा सुटला. अर्ध्यावर नितीन घाबरला, गॅसवरचा हात सैल सोडला आणि त्या धुडानं जागच्या जागी स्वतःची कबर खणली! नितीन कमरेइतक्या बर्फात उभा. हा भाग व्हिडिओत नसावा. मॅगीचं ते डुगडुगणारं मशीन मात्र आडव्या उतारावर नाचायला लागलं. तिनं एका बाजूला उभं राहून त्याला कडेवरच्या पोरासारखं डोंगराकडे कलतं केलं आणि रेघ मारल्यासारखी निघून गेली. सपाटीवर ज्याला नाव ठेवलं तेच इथं कामाचं!

मग आमची म्हैस आली.

"बाबा, झुका!"

मी पोतं.

"डोंगराकडे झुका नं बाबा! घसरतोय आपण!"

"तू हँडल सांभाळ! मागचा माणूस हलत नसतो!"

"अहो बाबाऽऽ!"

म्हशीनं कूस बदलली. केतकी वरच्या बाजूला उडी मारून सुटली. पण पोतं उडी मारत नाही, पोतं गाडीबरोबर जातं! आकाश दिसलं, बर्फ दिसला, पुन्हा आकाश, आणि मग नुसतं मशीन. बर्फ कापसासारखा भुसभुशीत, म्हणून हाडं शाबूत राहिली. अब्रू तेवढी सापडली नाही.

तिघांनी मिळून मला उपसलं. मॅगीनं बरगड्या चाचपायला जॅकेटची चेन खाली ओढली आणि सगळ्या अमेरिकेला गुलाबी स्वेटर दिसला. मोत्यांची बटणं!

"बाबा," नितीन म्हणाला, "हा आईचा..."

"थंडी वाजत होती."

केतकी गुडघ्यावर बसली आणि सगळी बटणं काढून पुन्हा लावली. "एक घर चुकलं होतं," एवढंच म्हणाली.

"आता कॅन्सल करू, बाबा," नितीन म्हणाला. "मॅगी पण म्हणतेय, परत जाऊ."

"मला माथ्यावर जायचंय."

"इथलाच घ्या ना! बर्फ सगळा सारखाच."

"इथं मी लोळलोय. उष्टा झाला हा. तुझ्या आईला उष्टा देऊ?"

नितीननं तोंड फिरवलं. मॅगीशी इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिला. मधेच त्यानं स्वेटरकडे बोट दाखवलं. मग मॅगीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, ह्या खेपेला झुकाल का?"

"डोंगराला नाक लावतो म्हणावं!"

आणि झुकलो! केतकीनं ओरडायच्या आधी झुकलो. डोंगर नव्हता तिथंही झुकलो. सीटच्या दोन्ही कड्या धरून, डोळे मिटून, अख्खं अंग डोंगराकडे टाकून. तीच म्हैस उताराला चिकटून गपगुमान वर गेली.

माथ्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. मी चेन उघडली आणि मूठभर बर्फ स्वेटरच्या खिशात भरला. "घे, अमेरिका." पाणी होऊन पोटावरून ओघळला. फार गार असतो. हे तिला सांगायला हवं होतं.

"मस्त बसला होतात बाबा!" केतकी म्हणाली. "कुठं शिकलात असं झुकायला?"

काय सांगू? ह्या मशीनच्या मागच्या सीटवर बसायला लायक अशी एकच बाई मला आयुष्यात भेटली. तिला मी स्कूटरवर बसवली आणि वर शिव्या घातल्या. त्या स्कूटरवर पोतं होतंच. ते चालवत होतं.