खतातला पिवळा गाळ

धाकटी जाऊ भाकरी थापत होती आणि माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. सांध्यांवर बारीक, गोल भोकं पडली होती. पेन्सिलीच्या टोकानं कोरल्यासारखी. कडा टणक आणि आत खोल. मी तिचा हात धरून तिला दारात उजेडाला आणलं.

"अगं, हे काय? कधीपासनं?"

"झालं आठ-दहा दिवस. पर दुखत न्हाई, ताई. म्हणून बोलले न्हाई."

एवढी भोकं आणि दुखत नाही!

ही सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही कुरुळीत राहत होतो. आमचे हे चिंचवडला कंपनीत, शिफ्टवर. धाकटे भावजी एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर. होतं ते वावर आम्ही दोघी जावा बघायचो. गावाच्या खालच्या अंगाला आमचा खताचा खड्डा होता. शेण, चुलीतली राख, घरचा केर, सगळं त्यात कुजायचं आणि पाटी-पाटीनं वावरात जायचं. त्या साली मेथी उगवली ती पिवळी पडून बसली. आम्ही बियाण्याला शिव्या दिल्या.

तिला घेऊन मी चाकणला डॉक्टरकडे गेले. त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"कुठल्या कंपनीत आहे ही? प्लेटिंगला?"

"कंपनीत कुठली? घर नि शेत."

"लोखंडाला चकाकी चढवतात ना, तिथल्या कामगारांचे हात असे होतात. हिनं तसलं काहीतरी हाताळलंय. आठवून बघा."

एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, खड्ड्यात पिवळा गाळ लागला होता. मला वाटलं माती हाय. ढेकळं मी हातानंच फोडली."

घरी न जाता आम्ही खड्ड्यावरच गेलो. मी कुदळीनं शेणाचा वरचा थर ओढला. खाली कालवलेल्या हळदीसारखा पिवळाधमक गाळ. त्यात तेलकट चिंध्या, पत्र्याची कात्रणं, फुटक्या बाटल्या. आमच्या खतात! कडेला ट्रकच्या चाकांचे माग होते. पायांत वहाण नव्हती. मी एकदम मागं सरले.

संध्याकाळी भावजी आले. मी सांगू लागले, तर अर्ध्यातच ते मटकन खाली बसले.

"वहिनी, मीच टाकलाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"चकाकी चढवणाऱ्या कंपनीतनं भरला होता. मालक म्हणाला, कुठंबी टाक, फक्त मोठ्या रस्त्यावर दिसू देऊ नको. आपला खड्डा अर्धा रिकामाच असतो. म्हटलं, गाळच हाय, खतात मुरून जाईल. मला काय ठावं..."

जाऊ आतून आली. तिनं दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. "बघा," एवढंच म्हणाली. 

आमचे हे शिफ्ट संपवून आले, तेव्हा घरात कुणी जेवलं नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "काढायला तर पाहिजे. पण काढून ठेवायचा कुठं? खाणीत टाकला तर पाण्यात उतरंल. वढ्याला टाकला तर ढोरं पितील."

"जिथनं आला तिथं," जाऊ म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी दोघा भावांनी हातापायांना गोणपाट गुंडाळून गाळ उपसला. वस्तीतले चौघं फावडी घेऊन आले. जावेला मी लांब बसवलं. ट्रक भरला आणि आम्ही दोघी भावजींच्या शेजारी केबिनमध्ये चढलो. 

त्या चकाकीच्या कंपनीच्या फाटकाशी वॉचमन हसत पुढं आला. "काय राव, आज भरलेला कसा?"

भावजींनी ट्रक वळवला आणि सगळा गाळ फाटकासमोर ओतला.  आतून एक साहेब नाकाला रुमाल लावून धावत आले.

"अरे, वेड लागलं का तुला? इथं टाकतोस? इथून माणसं जातात-येतात!"

जाऊ खाली उतरली. "आमच्यात बी माणसंच हायत, साहेब." तिनं हात पुढं केले.

ते दोन पावलं मागं सरकले. मग म्हणाले, "हे आमच्याकडचंच कशावरून?" वॉचमन खाली मान घालून उभा होता. साहेबांना माहीत होतं; गाळ आमच्या गावात जातोय हे नव्हे, पण कुठंतरी जातोय हे. ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

भावजींची नोकरी त्याच दिवशी गेली. पुढं ते वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर लागले. जावेचे हात बरे झाले, पांढरे वण राहिले. खड्डा आम्ही मुरूम टाकून बुजवला आणि नवा घरामागे, नजरेसमोर खणला. वावराचा तो तुकडा पडीक ठेवला.

काही दिवसांनी तो वॉचमन भावजींना पिंपरीत बसच्या रांगेत भेटला. फाटकातला ढीग त्याच संध्याकाळी दुसऱ्या ट्रकनं उचलला म्हणाला. कुठं नेला, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी हे कळल्यावर जाऊ हातातलं काम सोडून बसली. "तिथल्या बाईला कोण सांगंल, ताई?"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर भावजींनी सायकल काढली. मोशी, चिखली, पार पुनावळ्यापर्यंत ते फिरत राहिले. लोकांचे उकिरडे, जुन्या खाणी, वढ्याचे काठ बघत. भेटेल त्याला सांगत, पिवळा गाळ दिसला तर हात लावू नका. बराच काळ त्यांचा हाच उद्योग होता. तो ढीग त्यांना कुठंच सापडला नाही.