काशीराम कंट्रोलरचा बाजार

पनवेलच्या एसटी स्टँडावर त्या काळी एक मोठं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायचं कुणी नाही. लोक काशीराम घरतच्या आवाजावर चालायचे. कंट्रोलरच्या खोकीत बसून, माइकवर दोनदा टिचकी मारून तो बोलायला लागला की अर्धा स्टँड उठून उभा राहायचा. माइकवर त्याची भाषा अगदी शुद्ध, सरकारी. माइक बंद केला की लगेच, "अरं, त्या नेऱ्याच्या गाडीला ड्रायवर हाय का नाय?" असं आपल्या गावचं सुरू. दोन्ही भाषा त्याला सारख्याच शोभायच्या.

कामात त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. घरात मात्र सगळा कारभार नव्वदच्या हिवाळ्यात कोलमडला. बायको कुमुद काविळीने गेली, आणि स्टँडामागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत काशीराम आणि नऊ वर्षांची माधुरी एवढीच दोघं उरली. बायको असताना या माणसाने घरात भाजी कधी निवडली नव्हती. आता सकाळी सहाच्या ड्युटीला जाण्याआधी तो पाव आणि चहा पोरीपुढे ठेवायचा, दुपारी परत आला की डाळ-भात लावायचा, आणि रात्री तोच डाळ-भात परत गरम करायचा. पोट भरत होतं. पोट भरणं आणि पोरगी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला सांगायला कुमुद नव्हती.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये माधुरी शाळेच्या जिन्यात मटकन खाली बसली. बाईंनी घरी पाठवलं. काशीरामने तिला नगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथे एफ्रातबाई आपटेकर नावाच्या बेने इस्रायली नर्स होत्या. त्यांचे निम्मे नातेवाईक इस्रायलला जाऊन स्थायिक झाले होते, पण बाईंना पनवेलची हवा सोडवत नव्हती. त्यांनी माधुरीची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. लाल गोळ्या मिळाल्या आणि वर बाईंचा दम मिळाला, "घरतभाऊ, गोळ्या मी देते, पण जेवण तुम्ही द्यायचंय."

बातमी पेणला पोचायला किती वेळ लागणार. तिसऱ्या दिवशी कुमुदची थोरली बहीण हौसा दारात उभी. हौसाचं घर भरलेलं, गोठ्यात दोन म्हशी, परसात शेवगा आणि केळी, पण पोरबाळ नाही. बहिणीवर तिचा जीव होता आणि बहिणीच्या पोरीवर तर दुप्पट. ती काही वाईट मनाने आली नव्हती, आणि हीच काशीरामची अडचण होती.

"काशीराम, पोर सुकत चाललीय," ती म्हणाली. "पुरुषमानसाला जमत नाय, त्यात तुमचा दोष नाय. मी नेते तिला. शिकंल तिकडं."

काशीराम म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबा, हौसाताई. तेवड्यात तिचं रगत दहावर आणून दाखवतो."

"आनि नाय आलं तर?"

"तर मी सोता तिची पिशवी भरून देईन."

हौसाने मान डोलावली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्या रात्री माधुरीने विचारलं, "बाबा, दहा म्हणजे खूप असतं का?" काशीराम म्हणाला, "छे, दहा म्हणजे काय." त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पहिला महिना त्याने शहाण्या माणसाने करू नये ते सगळं केलं. टॉनिकची मोठी बाटली आणली. रोज एक सफरचंद आणलं, तेही कागदात गुंडाळलेलं. बदामही आणले. वीस तारखेला डब्यात तांदूळ आणि हातात चिल्लर उरली. उरलेले दहा दिवस पोरगी पुन्हा पाव-चहावर, आणि टॉनिकची बाटली फळीवर रुबाबात उभी.

स्टँडाच्या भिंतीला टेकून रानभाजी विकायला भामा बसायची. मालडुंग्याकडच्या वाडीतली कातकरीण. सकाळच्या पहिल्या गाडीने पाटी घेऊन यायची आणि दुपारच्या गाडीने रिकामी पाटी घेऊन जायची. काशीरामच्या हातातलं सफरचंद ती महिनाभर बघत होती. एक दिवस तिला राहवलं नाही.

"सायेब, ते फळ कुठून येतं?"

"काश्मीरातून."

"आनि हा पाला सकाळी माज्या झाडावरून आला," तिने शेवग्याच्या पाल्याची जुडी उचलून दाखवली. "तुमच्याच गाडीतून आला. तुमीच त्याला फलाट दिला. पोरीला हा घाला की."

ती सहज बोलली, पण काशीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेली अठरा वर्षं तो ज्या गाड्यांच्या वेळा पुकारत होता, त्या गाड्यांच्या टपावरून आणि शिटांखालून अख्ख्या पनवेलचं जेवण येत होतं, आणि हा माणूस फक्त प्रवासी मोजत होता. मालडुंग्याच्या पहिल्या गाडीने टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला. आपट्याच्या गाडीने लाल माठ आणि लिंबं. उरणच्या साडेदहाच्या गाडीने मांदेली, तिचा वास ड्रायव्हरच्या आधी स्टँडात शिरायचा. वावंज्याच्या म्हाताऱ्या सुकवलेले वाल आणि नाचणी घेऊन यायच्या आणि वजनावर न देता मापाने द्यायच्या, वर मूठभर जास्त. आता त्या वाटांवर इमारती उभ्या आहेत, आणि भाजी कुठून आली हे भाजीवाल्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा ते अख्ख्या स्टँडाला ठाऊक होतं.

काशीरामने बाजार गाड्यांवर लावला. दुकानदाराकडे जायचंच नाही, जे जिथून येतं ते उतरतानाच घ्यायचं. ताजं मिळायचं आणि मधला दलाल वाचायचा. स्टँडावरचे दुसरे लोक हुशारी करायचे ती वेगळी. बायकांची परतीची गाडी फलाटावर लागली की ते पाटीपाशी जायचे आणि उरलेली भाजी निम्म्या भावात उचलायचे, कारण गाडी चुकेल या भीतीने बाई देऊन टाकते. काशीरामला ते जमलं नाही. ती गाडी तोच लावत होता.

घरी भिंतीवर त्याने पुठ्ठ्याचा तक्ता टांगला, अगदी डेपोतल्या ड्युटी चार्टसारखा. वर वार, खाली जेवण. सोमवारी नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर शेंगदाण्याचं कूट. मंगळवारी मोड आलेले वाल, म्हणजे ते रविवारीच भिजले पाहिजेत, म्हणून रविवारच्या रकान्यात लाल शाईने "वाल भिजत". बुधवारी मांदेली. गुरुवारी कुळथाचं पिठलं. शुक्रवारी माठ आणि अंडं. सोमवारचा उरलेला पाला मंगळवारी सकाळी थालीपिठात जाणार, हेसुद्धा लिहिलेलं. पाहुणा आला तर "जादा गाडी" म्हणून पिठलं. हळिवाचे लाडू वेगळ्या डब्यात, त्यावर "स्पेअर". हळीव आणायला गेला तेव्हा वाण्याने घरी बाळंतीण कोण म्हणून विचारलं होतं. जेवण झालं की माधुरीने त्या दिवसाच्या चौकटीत सही करायची. पहिल्या आठवड्यात तिने काळी भाकरी ताटात ठेवून सही ठोकली. काशीरामने "खोटी नोंद" असा शेरा मारला, आणि बापलेक दोघंही हसत सुटले. कुमुद गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज पहिल्यांदाच झाला होता.

दोन महिन्यांत टॉनिक बंद, सफरचंद बंद, आणि महिनाअखेरीलाही डब्यात नाचणी. काशीराम ऐटीत दवाखान्यात गेला. रिपोर्ट आला. सात पॉइंट चार.

एफ्रातबाईंनाही ते खरं वाटेना. त्यांनी एकेक वार विचारला आणि काशीरामने तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि जेवताना पिते काय?"

"चहा," काशीराम अभिमानाने म्हणाला. "भाकरी चहातच बुडवून खाते. म्हणून तर खाते, बाई. नायतर नाचणीला हात लावत नाय."

"गोळी कशाबरोबर घेते?"

"चहाबरोबर."

एफ्रातबाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं, की पालेभाजीत, कडधान्यात जे लोह असतं ते जेवणासोबतचा चहा अंगी लागू देत नाही. जेवणावर चहा नको, लिंबू पिळा, लिंबाने ते उलट जास्त लागतं. "तुम्ही एका हाताने वाढलंत आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलंत," त्या म्हणाल्या.

एसटीतल्या माणसाला चहा म्हणजे पेय वाटतच नाही, तो ड्युटीचा भाग असतो. गाडी आली चहा, गेली चहा, बंद पडली तर दोन चहा. तीच सवय त्याने लाडाने पोरीला लावली होती. घरी परतताना त्याला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः चहा सोडला. पोरीला एकटीला सोडायला लावणं त्याला बरं वाटेना. काशीराम कंट्रोलर चहा पीत नाही ही बातमी डेपोत दोन दिवस पुरली. माधुरी पाच दिवस रुसली, सहाव्या दिवशी गुळाच्या लिंबूपाण्यात भाकरी बुडवता येते का ते तिने करून पाहिलं, आणि मग कोरडीच खायला शिकली. पहिला घास मात्र त्याने मोडून द्यायचा, हे तिचं ठरलेलं.

गणपती गेले, नवरात्र गेलं. माधुरी जिना चढायला लागली, मग दोन-दोन पायऱ्या चढायला लागली. दिवाळीच्या आधल्या दिवशी रिपोर्ट आला. नऊ पॉइंट सहा. एफ्रातबाईंनी आनंदाने काशीरामचा हात धरला. त्याला फक्त दहा झाले नाहीत एवढंच दिसलं.

भाऊबीज उलटल्यावर हौसा आली. काशीरामने कागद तिच्यापुढे ठेवला, काही लपवलं नाही.

"नऊ पॉइंट सहा," हौसाने वाचलं. तिला माधुरीच्या गालावरचा रंग दिसत होता. पण पाच महिने तिने पोरीची वाट पाहिली होती, तिच्यासाठी खाट करून घेतली होती, आणि शब्द शब्दच होता. "काशीराम, तुमीच बोलला व्हता."

"व्हय. मीच बोललो व्हतो."

त्याने पिशवी भरली. माधुरी रडली नाही. बाप भरतो आहे ते नुसती बघत राहिली, आणि ते काशीरामला रडण्यापेक्षा जड गेलं. शेवटी त्याने हळिवाच्या लाडवांचा डबा पिशवीत ठेवला आणि एक घडी घातलेला कागद हौसाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेणची गाडी फलाट चारवर लागली. तेव्हा ड्युटी काशीरामचीच होती. दोघी गाडीत बसल्या. वेळ झाली. त्याने माइकवर दोनदा टिचकी मारली आणि पेणकडे जाणाऱ्या प्रवाशांना सूचना दिली. आवाज नेहमीसारखाच आला. मग त्याने मान खाली घालून नोंदवहीत डोळे घातले, कारण गाडी फाटकातून बाहेर पडताना बघण्याची त्याची तयारी नव्हती. घंटा वाजली. गाडी गेली. त्याने वहीत वेळ लिहिली.

गाडीत काय झालं ते हौसाने पुढे अनेकदा सांगितलं. घंटेची वाट बघता बघता तिने तो कागद उघडला होता. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून वाचत गेली. काशीरामने पेणच्या कंट्रोलरला फोन करून तिथल्या गाड्या विचारून घेतल्या होत्या. पेण स्टँडावर सकाळच्या कोणत्या गाडीने माठ येतो, मांदेली कोणत्या वाराला स्वस्त, नाचणी कुणाकडून घ्यावी, सात वारांचं सगळं मांडलेलं. खाली लिहिलं होतं: उसळीवर लिंबू पिळणे. चहा मागेल, देऊ नये. म्हशीचं दूध जेवणाबरोबर नको, तेही लोह अडवतं, संध्याकाळी द्यावे. भाकरीचा पहिला घास मोडून द्यावा लागतो, मग पुढचं आपलं आपण खाते. झोपताना वेणी सोडून द्यावी, नाहीतर डोकं दुखतं.

हौसा ती शेवटची ओळ दोनदा वाचून उठली, आणि कंडक्टरचा हात घंटेच्या दोरीला असतानाच पिशवी आणि पोरगी घेऊन खाली उतरली.

काशीरामच्या खोकीच्या काचेवर टकटक झाली. त्याने मान वर केली. समोर हौसा उभी होती, आणि तिच्या कमरेला लागून माधुरी.

"पोरीला ठेवून जाते," हौसा म्हणाली. "माज्याकडं दूध हाय, काशीराम, पन हे एवढं मला ठाऊक नाय. दर महिन्याला बघायला मात्र येनार. पेणची पुढची गाडी किती वाजता?"

काशीरामने तोंड उघडलं. काही केल्या त्याला वेळ आठवेना. त्याने मागे वळून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, पण त्यावरचे आकडे त्याला दिसत नव्हते.

"सव्वातीनला, मावशी," माधुरी म्हणाली. "फलाट चार."