काकांचे डोळे

मी डिझाइनच्या कोर्सला गेलो तो चित्रकला येत होती म्हणून नव्हे. बारावीचे मार्क घेऊन जिथे जिथे गेलो तिथे दार लागलं, बावधनकडच्या त्या कॉलेजचं तेवढं उघडं राहिलं. ग्राफिक आणि वेब डिझाइन, तीन वर्षं. पहिल्या सत्रात मी एका रोपवाटिकेची वेबसाइट बनवली. तिच्यात ‘संपर्क’ दाबलं की अख्खं पान पांढरं व्हायचं. सर म्हणाले, “रोपं कुणी विकत घेऊ नयेत अशी इच्छा आहे का तुझी?”

दुसऱ्या सत्रात फोटो दुरुस्ती आली आणि मला वाटलं, जमलं. सरांचा एकच मंत्र होता. “मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी कॉपी, मग कलाकारी.” हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल चालायची. सगळ्यात हुबेहूब नक्कल माझी. एवढं एकच काम मी त्या सत्रात मन लावून केलं.

आमचं गाव पौड रस्त्याच्या आत, कासार आंबोलीच्या अलीकडे. गावाला डिझाइन म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीचे आणि श्रद्धांजलीचे. कॉलेजला जायला लागल्यावर ते सगळे माझ्याकडे आले. गेलेल्या माणसाचा बऱ्या कपड्यातला फोटो नसतोच, म्हणून त्याचं डोकं कोटावर बसवायचं, ही रीत. नेटवरून एक निळा कोट उतरवून घेतला होता. आमच्या गावातली निम्मी दिवंगत मंडळी आज त्या एकाच कोटात आहेत.

मग शेजारची काकी आली. काकांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. काका दुधाचा टेम्पो चालवायचे आणि कॅमेरा समोर आला की डोळे मिटायचे. लग्नातही मिटलेले, जत्रेतही. आधार कार्डावर तेवढे उघडे, पण तिथे डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. एकच फोटो चांगला होता, मुलीच्या साखरपुड्यातला. काका अंगणात उभे, दिलखुलास हसतायत, डोळे अर्थात मिटलेले.

“ह्यांचं डोळं तेवढं उघडून दे,” काकी म्हणाली. “लोक येत्याल. झोपल्यावानी नको दिसाया.”

“तासाभराचं काम, काकी.”

“आन् फोन लई भरलाय म्हणतोय. वाईच जागाबी कर.”

मी हुशारी केली. तिचे सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि फोनमधून काढून टाकले.

डोळे आणायचे कुठून? नेटवर शोधले, पण मिळाले ते जाहिरातीतल्या गोऱ्या पुरुषांचे. दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो होतो, खिडकीतून उजेड काकांच्या फोटोतल्यासारखाच डावीकडून येत होता. मोबाइल उचलला आणि स्वतःचाच फोटो काढला. माझे डोळे कापले, काकांच्या चेहऱ्यावर ठेवले, कडा मऊ केल्या, रंग जुळवला. इतके चपखल बसले की मी खुर्चीत मागे सरकलो. सगळे थर एकत्र केले आणि सेव्ह दाबलं. मूळ फाइलवरच. ज्या मंत्राची नक्कल करून मी चहा कमावला होता, तो त्या क्षणी आठवला असता तर बरं झालं असतं. आठवला दोन आठवड्यांनी.

श्राद्धाला फोटो भिंतीवर लागला. मोठा, चंदनी हार घातलेला. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, “आत्ता बोलत्याल असं वाटतंय.” माझी छाती फुगली. जेवायच्या पंगतीत आई माझ्या शेजारी होती. तिने घास हातात धरून फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

“काय गं?”

“काय न्हाई. जेव.”

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. भिंतीवरून मी माझ्याकडे बघत होतो. साठीच्या माणसाच्या सुरकुत्यांतून, हसणाऱ्या मिशीवरून. उठून दुसऱ्या टोकाला बसलो तरी बघतच होतो. मी दोन जिलब्या ताटात टाकून उठलो. आमच्या घराण्यात असं आजवर कुणी केलेलं नाही.

दोन आठवड्यांनी काकी कुंपणापाशी आली. आवाज लहान होता.

“ह्ये माझ्याकडं बघत न्हाईत रं.”

“म्हंजे?”

“दुसरंच कोनतरी बघतंय. भ्या वाटतंय मला सैपाक करताना. तू असं कर, पयला फोटू दे. मिटल्यालाच बरा हुता.”

“देतो की.”

त्याच दिवशी फोल्डर उघडला. साखरपुड्याचा फोटो एकच, आणि त्यात माझे डोळे. तिच्या फोनमध्ये काही नाही. मुलीने तो फोटो काकीच्याच फोनवर काढलेला, दुसरीकडे कुठे नाही. सरांकडे गेलो. त्यांनी दोन-तीन प्रकारे शोधून पाहिलं, मूळ काही सापडलं नाही. माझी नक्कल त्यांना बहुतेक ठाऊक होती, पण ते वाक्य काही ते बोलले नाहीत. बोलले असते तर हलकं वाटलं असतं.

मग महिनाभर मी “देतो की” म्हणत होतो. एसटी पकडायला तिच्या दारावरून न जाता ओढ्याच्या वाटेने जायचो. आरशासमोर दाढी करताना नजर हनुवटीवरच ठेवायचो. एकदा तर स्वतःच्या मिटलेल्या पापण्यांचा फोटो काढून तोच काकांना लावला. पाहिलं तर काका नव्हते, मीच मेलेला दिसत होतो. पुसून टाकला.

शेवटी लॅपटॉप घेऊन तिच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. डोळे माझे आहेत, तेही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने लॅपटॉपखाली पाट सरकवला. मग म्हणाली, “बस. मी सांगते, तसं काढ.”

बसलो. ती सांगत गेली. “बारीक कर. आनखी. कडंला सुरकुत्या व्हत्या, हसलं की पसरायच्या. रंग इतका काळा न्हाई.” मी करत गेलो. माणूस हळूहळू जवळ येत होता, मलाही वाटत होतं. डाव्या डोळ्याशी आलो.

“ह्यो कसा होता, काकी?”

“ह्यो...” ती थांबली. डोळे मिटून बसली. पुन्हा उघडले. भिंतीकडे पाहिलं. “ह्यो जरा...”

मी माउसवर हात ठेवून वाट बघत होतो. आत कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही.

“न्हाई आठवत,” ती म्हणाली. “आठवाया गेलं की त्येच येतंय. भितीवरचं. तुजं.”

तिने स्वतः लॅपटॉपचं झाकण लावलं.

फोटो अजून भिंतीवरच आहे. आता मी ओढ्याच्या वाटेने जात नाही. ती दारातून हाक मारते, बसवते, चहा देते. दुधाचा भाव सांगते, मुलीचं सांगते, ह्यांना काय आवडायचं ते सांगते. मी कपात बघत चहा पितो.

“खाली काय बघतुयास,” ती म्हणते. “वर बघ की जरा.”