रडणाऱ्या मुलांच्या डॉक्टरबाई

मूल रडत आत आलं की आमच्या डॉक्टरबाईंचा चेहरा खुलायचा. "रडतंय ना? मग बसा निवांत," त्या आईला म्हणायच्या. "मला गप्प पोरांची भीती वाटते." काळाचौकीत आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. दुपारी हिरव्या पडद्यातून पाण्याखाली असावा तसा उजेड आत यायचा, आणि त्या उजेडात आम्ही आया पोरांना मांडीवर घेऊन पेंगत बसायचो.

औषधाच्या बाबतीत बाईंचा हात आखडता. साध्या सर्दीला बाटलीभर औषध मागणाऱ्या माझ्या सासूबाईंना त्या म्हणाल्या, "आजी, नात छान आहे. तुमच्या काळजीवर काही लिहून देऊ का?" सासूबाई रुसल्या. पण पुढे माझ्या सानूला जुलाब झाले, तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणे मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत त्याच बसल्या.

सानू बालवाडीत असताना तिला डेंग्यू झाला. बाई रोज तपासत होत्या. एका सकाळी हात लावला, तर अंग गार. ताप उतरला होता! सासूबाईंनी शेजारी साखर वाटली. मी सानूला खांद्यावर टाकून हसतच खाली गेले.

"बाई, ताप गेला हो!" मी दारातूनच म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सानूची पावलं हातात धरली, अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि त्याकडे बघत राहिल्या. "पोट दुखतं का गं, बाळा?" सानूने डोळे न उघडता होकारार्थी मान हलवली.

"डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं सांभाळायचं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पाय बघ कसे थंडगार पडलेत. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायचं. चल, मी येते."

दवाखाना तसाच टाकून त्या आमच्याबरोबर इस्पितळात आल्या. सलाईन लागलं. बाई खाटेशी उभ्या राहून पुन्हा पुन्हा तिची पावलं चाचपत होत्या. मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत होते. ऊन कलल्यावर सानूने एकाएकी हातातल्या सुईवरून भोकाड पसरलं. बाई भिंतीला टेकल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

गेल्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासाला गेली, दवाखानाही गेला. बाई शीवला बहिणीकडे राहायला निघाल्या, तेव्हा टॅक्सीत मी त्यांच्यासोबत होते.

"बाई, चुकायची भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"रोज वाटायची गं. एक मूल गेलं माझ्या हातून. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं."

मग त्या खिडकीकडे वळल्या. "अजून रात्री-अपरात्री फोन वाजल्यासारखा वाटतो," असं काहीसं पुटपुटल्या. हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. बाईंना झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

शीव आलं. बहीण फाटकात उभी होती. मी तिला खुणेने थांबवलं. ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.

"दादा," मी हळूच म्हटलं, "जरा थांबू या."