तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

एस्तेर गेली हे मला दूधकेंद्राच्या रांगेत कळलं. शनिवारी सकाळी चर्चच्या मंडळीतली एक बाई मागून म्हणाली, "गयाबाई, परवा तुम्ही मातीला दिसला नाहीत." मी म्हटलं, "कुणाच्या मातीला?" तर तिचा चेहराच उतरला. गुरुवारी एस्तेरला पुरून लोक आपापल्या घरी गेले होते, आणि मी इथे वाशीत दोन दिवस ती जिवंत आहे असं समजून भाजी निवडत होते. पाद्रीसाहेब म्हणाले म्हणे, एस्तेरबाईंनी जन्मभर सगळा भार प्रभूवर टाकला. असेल. त्यातला थोडा माझ्या डोक्यावर होता, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, मला सजवून लिहिता येत नाही. एस्तेरनं मला दोनदा दगा दिला, आणि दुसऱ्यांदा तर मरताना.

खाडीवरचा पूल नवा होता तेव्हा आम्ही इथे राहायला आलो. मी नगरकडची, ती जालन्याची. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घरं दोनच. मी तळमजल्यावर, ती तिसऱ्या. तिचा नवरा वारलेला, पदरी सुनंदा नावाची लहान मुलगी, आणि बसमधून पडून मोडलेला खुबा वाकडा जुळलेला. वरच्या मजल्यांना पाणी चढत नसे. पहाटे आवारातला नळ तासभर यायचा, तेवढ्यात काय भराल ते भरा. मी अंगानं दांडगी. तिनं मागितलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात मी तिचा हंडा उचलला आणि मग सहा वर्षं उचलतच राहिले. रोज दोन हंडे, एक कळशी. तिनं आपल्या लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडून मला चुंबळ वळून दिली. "डोकं तुझं दगडाचंच आहे," म्हणाली, "पण हंडा माझा आहे, त्याला पोचा नको."

तिला एक सवय होती. उठताना, बसताना, पिठाचा डबा उघडताना, कशालाही म्हणायची, "बापा, माझ्यानं होत नाही, तू कर." मला त्याची चीड यायची. एकदा सुईत दोरा ओवतानाही म्हणाली, तेव्हा मी बोलले, "अगं, सुईला पण देव?" ती म्हणाली, "मग कुणाला बोलावू? तुला? तुला तर जवळचं दिसत नाही." आणि खदाखदा हसली. मी देवाला मानते, पण माझे हात चालत असताना त्याला त्रास कशाला द्यायचा, असा माझा हिशेब.

आमच्यात रविवारी भक्ती झाली की साक्ष देतात. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. एका रविवारी एस्तेर भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, "मी लंगडी बाई, तिसऱ्या मजल्यावर राहते. पण इतक्या वर्षांत देवानं माझं मडकं एक दिवस कोरडं ठेवलं नाही." सगळे आमेन म्हणाले. मी वाट पाहिली, आता नाव घेईल, मग घेईल... ती खाली बसली. पहाटेच्या हंड्यानं माझी मान अजून दुखत होती. त्या आमेनमध्ये माझा आवाज नव्हता.

घरी येताना जिन्यात मी तिला सांगितलं, "उद्यापासून देवालाच सांग हंडा आणायला." ती म्हणाली, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी दार किलकिलं करून बघत राहिले. ती कळशी घेऊन आली, भरली, आणि जिन्यावर पाठमोरी बसली. कळशी उचलून एक पायरी वर ठेवायची, मग दोन्ही हात टेकून स्वतः एक पायरी वर सरकायचं. प्रत्येक पायरीला तेच, "बापा, माझ्यानं होत नाही, तू कर." अर्धं पाणी जिन्यावरच सांडलं. असे चार दिवस मी बघितले. ती माझ्या दाराकडे एकदाही वळून बघेना, याचाच मला जास्त राग आला. पाचव्या दिवशी मी बाहेर आले आणि कळशी तिच्या हातातून ओढून घेतली. तिनं माझ्याकडे नाही, वर बघितलं आणि म्हणाली, "पाठवलीस ना शेवटी!"

"मला कुणी पाठवलं नाही. मी माझ्या पायानं आले."

"आणि पाय कुणी दिले, गये?"

ती कळशी तिच्या डोक्यावर ओतावी असं वाटलं. ओतली नाही, वर नेली. पण मनातून ते साक्षीचं गेलं नाही.

पुढे माझ्या पाठीचा मणका सरकला. महिनाभर फळीवर पडून होते, पाण्याचा पेला उचलवत नव्हता. एस्तेर रोज तीन मजले बसत बसत उतरायची आणि माझ्या उशाशी यायची. एक दिवस मी विचारलंच, "त्या रविवारी माझं नाव का नाही घेतलंस?"

ती म्हणाली, "घेतलं असतं तर तू रोज आणखी एक हंडा आणला असतास. तुझ्या नावाचा."

"आणि आता पाठ गेली, आता कोण आणणार?"

"आता तरी म्हण."

"काय?"

"माझ्यानं होत नाही."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आली तशीच बसत बसत पायऱ्या चढत गेली.

दोन वर्षांपूर्वी सुनंदा तिला नेरूळला घेऊन गेली. सणासुदीला भेट व्हायची. पोटात गाठ आहे हे तिनं मला सांगितलं नाही. शनिवारी ती गेल्याचं कळल्यावर मी बस धरून नेरूळ गाठलं आणि दारातच विचारलं, "मला का कळवलं नाहीस?" सुनंदा रडत म्हणाली, "मावशी, आईनंच बजावलं होतं. म्हणाली, गयेला बोलावू नका. आली की मला उचलायला बघेल, पाठ घालवून बसेल. मला उचलणारा आहे."

लोक याला प्रेम म्हणतील. मी म्हणत नाही. शेवटचा हात लावायचा माझा हक्क होता, तो तिनं मला न विचारता दुसऱ्याला दिला. देवाला दिला, म्हणून दगा लहान होत नाही.

आता पंप आहे, पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. आवारातला नळ मात्र त्याच वेळेला येतो आणि मला त्याच वेळेला जाग येते. चुंबळ खिडकीच्या गजाला अडकवलेली असते. काठाचा रंग गेलाय, वळ घट्ट आहे. परवा ती डोक्यावर ठेवून मी नळावर गेले आणि कळशी भरली. वर पाण्याची वाट बघणारं कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. कळशी कशीबशी पहिल्या पायरीवर ठेवली आणि पाठीत अशी चमक आली की तिथेच बसले. दुसऱ्या पायरीवर काही कळशी जाईना.

"माझ्यानं होत नाही," मी म्हटलं. मोठ्यानं.

पुढचे दोन शब्द तिचे होते. ते तोंडाशी आले आणि राहिले. आवारात कुणी नव्हतं, नळाचं पाणी जाईपर्यंत मी कळशीला हात लावून बसून होते.